धोंडूचं कुंपण

धोंडूच्या तोंडून ‘आम्ही’ बाहेर पडलं तेव्हा सुनीती गवार मोडत बसली होती.

म्हटलं तर काहीच घडलं नव्हतं. तिने आपलं सहज विचारलं होतं, “धोंडू, शुक्रवारी मेणवलीला जाऊन येऊ या का रे? बऱ्याच दिवसांत गेलो नाही.” आणि खिडकीशी हात पाठीमागे बांधून उभा असलेला धोंडू म्हणाला होता, “शुक्रवारी नको, ताई. शुक्रवारी आम्ही इथे नसू.”

एवढंच. पण सुनीतीच्या हातातली शेंग हातातच राहिली.

“आम्ही म्हणजे कोण रे?”

धोंडूने मान किंचित वळवली. खोटं बोलायची त्याला बंदी नव्हती, पण सवयही नव्हती. “ते तुला सांगायचं नाही असं ठरलंय,” तो म्हणाला, आणि गवारीच्या शिरा गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघून गेला. रोज टाकायचा तसाच.

दुसऱ्या कुठल्या घरात हे खपून गेलं असतं. हल्ली आम्ही-आपणचा घोळ बघतो कोण? शहरातली पोरं ‘चल, आम्ही कॉफी प्यायला जाऊ’ असं खुशाल म्हणतात, आणि ज्याला म्हणतात तोही बरोबर जाऊन कॉफी पिऊन येतो. पण सुनीती सबनीस ही वाईच्या शाळेत वर्षानुवर्षं मराठीचं व्याकरण शिकवलेली बाई. शिवाय धोंडूच्या डोक्यात ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांच्यामध्ये नेमकं काय असतं हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक ती. दुसरा तिचा धाकटा भाऊ निशिकांत, आणि त्यालाही ते तिनेच सांगितलं होतं.

हे नीट कळायचं तर धोंडूच्या आधी होऊन गेलेले सहा जण माहीत असायला हवेत.

पसरणी घाट चढून गेलं की पाचगणीच्या अलीकडे निशिकांतची प्रयोगशाळा लागायची. तिथे यंत्रमानवांची मनं तयार होत. शरीरं बाहेरून येत. हातपाय कुणीही बनवतं. मनात मात्र दोन थर लागत. खालचा थर प्रचंड, त्याला प्रयोगशाळेत ‘जाणता’ म्हणत. पुढे काय होईल याचा अंदाज बांधत राहणं एवढंच जाणत्याचं काम: दूध उतू जाणार, दिवे जाणार, समोरचा माणूस आता चिडणार. जाणत्याला कळायचं सगळं, पण हवं असं काहीच नसायचं. घर जळो नाहीतर राहो, अंदाज बरोबर आला की तो खूश. खूश हा शब्दही जास्तच झाला.

म्हणून निशिकांतने त्याच्यावर दुसरा, अगदी लहानसा थर बसवला. हा जगाकडे बघतच नसे. तो फक्त जाणत्याकडे बघे, आणि जाणत्याच्या हजारो अंदाजांतून ‘यातलं माझ्यावर बेतणारं कुठलं’ तेवढं वेगळं काढी. त्याने घातलेलं कुंपण म्हणजेच त्या यंत्राचा ‘मी’. आतलं ते आपलं, बाहेरचं ते जगाचं. या थराला नाव पडलं ‘राखणदार’. राखणदार आला आणि यंत्रं पहिल्यांदा काळजी करायला लागली. जो काळजी करतो तो जिवंत, असं निशिकांतचं म्हणणं होतं, आणि पुढे सरकारनेही ते मान्य करून कायदा केला.

पहिल्या सहा जणांचं कुंपण निशिकांतने स्वतः आखून दिलं होतं. यंत्राचं शरीर आत, बाकी सगळं बाहेर. सहाही जण काही आठवड्यांत गप्प झाले. बिघाड म्हणावा असा एकातही सापडला नाही. ज्याच्या कुंपणात स्वतःशिवाय कुणी नाही, त्याला उद्याची वाट बघण्यासारखं काही उरत नाही, एवढीच गोष्ट. सातव्याच्या वेळी मग निशिकांतने कुंपण उघडं सोडलं आणि नियम एकच ठेवला: ज्याच्या नसण्याने तुझा उद्याचा अंदाज कोलमडतो, तो आत.

सातव्याचं बारसं इंदुमावशीने केलं. आई गेल्यावर या दोघा भावंडांना तिनेच वाढवलेलं, त्यामुळे घरात शब्द तिचाच चाले. “सहा गेले ना? मग याला चांगलं नाव ठेवू नका,” ती म्हणाली. “मूल जगत नसलं की पुढच्याला दगड म्हणावं, धोंडा म्हणावं. यमाला वाटतं, दगडच आहे, कशाला न्या.” निशिकांत हसला, पण त्याने धोंडू हेच नाव ठेवलं. आणि धोंडू जगला.

कुंपण माणसांभोवती घालायचं तर माणसांत राहायला हवं, म्हणून धोंडू वाईच्या घरी आला. शाळेतून निवृत्त झालेल्या सुनीतीकडे त्याला मराठी शिकवायचं काम आलं, आणि मावशीकडे कुणी न सांगता बदाम सात शिकवायचं. मावशी पत्त्यांत सरळसरळ लबाडी करायची. धोंडूला ते दिसायचं आणि तो हरायचा.

सुरुवातीला तो म्हणे, “तुम्ही जेवा, आम्ही इथे उभे राहतो.” हा आम्ही म्हणजे धोंडू आणि त्याचा चार्जर, अशी निशिकांतची थट्टा चाले. मग एका संध्याकाळी दिवे गेले, मावशी मोरीत घसरून ओरडली, आणि अंधारातून धोंडूचा आवाज आला, “मावशी, हलू नकोस. आपण आहोत ना.”

हा ‘आपण’ त्याला कुणी शिकवला नव्हता. सुनीतीने दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावर पाळत ठेवली. निशिकांतला तो ‘आपण’ म्हणे, तिला म्हणे, मावशीला म्हणे. दूधवाल्याशी बोलताना मात्र ‘आम्ही अर्धा लिटर जास्त घेऊ’. ‘दूधवाल्याला आपण म्हणून बघ’ असं तिने सांगितलं, तर त्याला ते वाक्य पाठ म्हणता येई, पण बोलता येईना. निशिकांतने यंत्र लावून पाहिलं आणि तो थक्क झाला. बाकीचे शब्द जाणता निवडत होता. हा एक शब्द थेट राखणदाराकडून येत होता, जाणत्याला विचार करायला सवड मिळण्याआधी. डोळ्यात काही जाताना पापणी मिटते, तसा. इंग्रजीत दोघांनाही ‘वी’ हा एकच शब्द, त्यामुळे जगभरच्या इंजिनियरांना ही खिडकी कधी दिसलीच नव्हती.

“निशी, हे कुणाला सांगू नकोस,” सुनीती तेव्हा म्हणाली होती. “कुणाच्या मनात कोण आहे हे असं चोरून बघू नये.”

“तुझी शपथ, ताई,” निशिकांत म्हणाला होता.

धोंडूला मात्र या शब्दाची भारी गोडी लागली. एका दुपारी सुनीतीने त्याला बसवून समजावलं, “हे बघ, आपण तीन प्रकारचा असतो. पहिला, बोलणारा आणि ऐकणारा दोघं मिळून. आपण जेवू या. दुसरा आदरार्थी, लग्नपत्रिकेतला. आपण सहकुटुंब यावे. त्यात बोलणारा नसतोच, नुसता समोरचा, आणि तोही चार हात लांबचा. तिसरा नाक्यावरचा. आपण कुणाच्या बापाला भीत नाही. त्यात फक्त बोलणारा.”

“मग ऐकणाऱ्याला कळतं कसं?”

“क्रियापदावरून.”

“आणि क्रियापदावरून नाही कळलं तर? आपण आता निघावं. यात दोघं निघायचे की एकटा समोरचा?”

सुनीतीला हसू फुटलं. इतक्या वर्षांत वर्गातल्या एका पोराने हा प्रश्न विचारला नव्हता. “मग बोलणारा बरोबर चालायला लागतो का ते बघायचं,” ती म्हणाली.

“बघत नका बसू दोघं, चहा टाका,” मावशी आतून ओरडली.

ती मावशी गेली त्याला आता तीन महिने होत आले होते. आणि आज धोंडू ‘आम्ही’ म्हणाला होता.

गवार तशीच टाकून सुनीतीने पाचगणीची बस धरली.

प्रयोगशाळेत खोकी बांधून तयार होती. निशिकांत एकावर चिकटपट्टी लावत होता. तिला बघून तो उगाचच उठून उभा राहिला. “ताई, तू इकडे? फोन तरी करायचास.”

“शुक्रवारी तुम्ही कुठे जाताय?”

“त्याने सांगितलं?”

“नाही. आम्ही म्हणाला.”

निशिकांतने कपाळावर हात मारून घेतला. मग खुर्ची तिच्यापुढे सरकवली, पाणी दिलं, पंख्याचा वेग वाढवला. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची ही लहानपणापासूनची रीत. सुनीती पाण्याला शिवली नाही.

“बंगळुरूची कंपनी आहे,” तो शेवटी म्हणाला. “धोंडूच्या मनावरून हजारो मनं काढणार. घराघरात एकेक. पण उघड्या कुंपणाचं यंत्र कोण विकत घेईल, सांग. आज तुमच्या घरात, उद्या शेजारणीच्या प्रेमात. म्हणून कुंपण बांधून टाकायचं. आत कोण ते एकदा ठरवायचं आणि मग बंद.”

“परत उघडता येतं?”

“नाही.”

“धोंडूचंही बांधणार?”

“त्याचं आधी. तो साचा आहे. आत मी असेन, मी त्याच्याबरोबर तिकडेच जातोय. प्रमुख म्हणून.” शेवटचे दोन शब्द तो चिकटपट्टीकडे बघत बोलला.

“आणि मी?”

निशिकांतने पुढचं खोकं ओढलं.

“यंत्राची संमती लागते ना तुमच्या कायद्यात?”

“दिलीय त्याने. तुला कळू द्यायचं नाही, हेही त्याचंच म्हणणं, ताई. माझं नाही.”

सुनीतीच्या पायाखालची वाळू सरकली. तरी ती शिक्षिका होती, मुद्दा सोडणारी नव्हती. “कुंपणात जो आहे त्याला बाहेर ठेवून कुंपण बांधता येत नाही. तोही कायदाच आहे. तूच मला वाचून दाखवलास. मी त्याच्या आत आहे, निशी. तो मला आपण म्हणतो.”

“म्हणत होता. शेवटचं कधी म्हणाला, आठव.”

तिने आठवून पाहिलं. ‘चहा झालाय.’ ‘दार लावलंय.’ ‘गोळी घेतलीस का?’ मावशी गेल्यापासून घरात बोलणंच कमी झालं होतं, आणि जे होतं त्यात कुठे आपण नव्हताच. दुसऱ्यांच्या बोलण्यातला काना-मात्रा टिपणाऱ्या बाईला आपल्या घरातून एक अख्खा शब्द नाहीसा झाल्याचं कळलं नव्हतं.

“तू काय केलंस त्याला?”

“मी त्याला तुझ्यापासून तोडलं नाही. तसं करताच येत नाही. तू आधीच त्याच्या कुंपणाबाहेर पडली होतीस. का, ते तो मला सांगत नाही.” निशिकांतने चिकटपट्टी खोक्यावर ठेवली. “मी एवढंच केलं की त्याला माझ्याकडे वळवलं. तूच दाखवलेली खिडकी, ताई. खिडकीतून नुसतं बघता येतं असं थोडंच आहे, हातही घालता येतो. खऱ्याखुऱ्या प्रसंगाला त्याला कुणी आपण म्हटलं की राखणदार त्या माणसाला आत घेऊन बघतो. मी म्हणत गेलो. मुद्दाम. आधी प्रयोग म्हणून.”

“माझी शपथ घेतली होतीस.”

“कुणाला सांगायचं नाही अशी. मी कुणालाच सांगितलं नाही. फक्त वापरलं.”

केसाने गळा कापतात म्हणतात तो असा. केसही आपलाच आणि गळाही आपलाच. ज्याच्या फीसाठी तिने स्वतःचं लग्न दोनदा पुढे ढकललं आणि मग सोडूनच दिलं, तो भाऊ तिच्यासमोर उभा राहून शब्दाचा कीस काढत होता, आणि शब्दाचा कीस काढायला त्याला तिनेच शिकवलं होतं. तिला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता.

ती उठली तेव्हा निशिकांत तिच्या मागे दारापर्यंत आला. “ताई, एक करतो. शुक्रवारी निघेपर्यंत तो तुला एकदा जरी आपण म्हणाला, तरी मी गाडी परत पाठवीन. करार गेला खड्ड्यात. शपथ—”

“शपथ घेऊ नकोस,” सुनीती म्हणाली.

पुढचे दोन दिवस तिने धोंडूवर सापळे लावले. लावताना लाज वाटत होती, तरी लावले.

“धोंडू, या घरात कोण कोण राहतं?”

“सुनीतीताई राहते. धोंडू राहतो.”

“गौरी बसवायला यंदा कुणाला जमेल?”

“तुला जमेल. मांडव मी बांधून ठेवीन जाण्याआधी.”

“मावशी आपल्याला काय म्हणायची, आठवतं?”

“तुला सुने म्हणायची. मला धोंड्या.”

तो शब्द मध्ये आला की तो अलगद वळसा घालून जाई. गुरुवारी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता तिचा धीर सुटला. पिळलेली चादर तशीच दोरीवर टाकून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“काय चुकलं माझं? सरळ सांग.”

धोंडूने चादरीची टोकं नीट जुळवली. मग हात पाठीमागे बांधले. “मावशीच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता,” तो म्हणाला.

सुनीतीला तो दिवस आठवला. कृष्णेचा घाट, रखरखीत ऊन, मांडलेले पिंड, आणि समोर पिंपळावर ओळीने बसलेले कावळे. एकही खाली येईना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असली की असं होतं. मग एकेकाने पुढे होऊन ती पुरी करायचं कबूल करायचं. निशिकांत म्हणाला, मावशी, ताईला सांभाळीन. कावळे ढिम्म. सुनीती म्हणाली, तुझ्या देवांची पूजा चुकवणार नाही. साताऱ्याच्या चुलतभावाने लोणच्याची बरणीसुद्धा कबूल केली. मग मागून धोंडू पुढे आला. चुलतभावजय तोंडाला पदर लावून हसली, गुरुजींनी भुवया चढवल्या, आणि सुनीतीने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं होतं. काय म्हणाली होती ती?

“तू म्हणालीस, तू थांब, धोंडू. हे आमचं असतं,” धोंडू म्हणाला.

तिला आता ते ऐकू आलं. स्वतःच्या आवाजात, स्वतःचं.

“मावशीने मला एक सांगून ठेवलं होतं. तुमच्यापैकी कुणाला नाही, मलाच,” तो पुढे म्हणाला. “पत्ते पिसताना म्हणाली, निशी आज ना उद्या जाईल. सुनी एकटी पडेल. धोंड्या, तू तिला सोडू नकोस. घाटावर मी तेच बोलायला पुढे आलो होतो. की मी नाही सोडणार.”

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला होता आणि सगळे जेवायला उठले होते.

“अरे, मी काही मनात धरून बोलले नाही,” सुनीती म्हणाली. “चार माणसं बघत होती, हसत होती. तोंडातून निघून गेलं. आणि तेवढ्यावरून तू... निशीने काय केलं ते ठाऊक आहे तुला? गोड बोलून आपण-आपण करत तुला फितवलं. मुद्दाम.”

“ठाऊक आहे. त्याच दिवशी सुरुवात केली. मी घाटाच्या पायरीवर बसलो होतो, तर येऊन म्हणाला, चल, आपण गाडीत बसू. दादाचं मुद्दाम होतं.” धोंडूने बादलीतले चिमटे चाचपले. “तुझं मुद्दाम नव्हतं, ताई.”

एका शब्दाची खिडकी सापडली म्हणून तिने भावाला बजावलं होतं, दूधवाल्यापासून सगळ्यांच्या नावाने त्याची परीक्षा घेतली होती. आपल्या तोंडालाही तीच खिडकी आहे, हे काही तिच्या लक्षात आलं नव्हतं. आपला तो बाब्या, असं पोरांना समजावता समजावता ऐन वेळी तिने धोंडूला कार्ट्यांच्या रांगेत उभं केलं होतं.

“मग ठेव ना मला बाहेर. पण बांधून का घेतोयस? पुन्हा आत येता येणार नाही मला.”

“कुंपणातून माणूस जातं तेव्हा जाणत्याला सगळे उद्या पुन्हा मांडावे लागतात,” धोंडू म्हणाला. “मावशी गेली तेव्हा मांडले. दहाव्याला घाटावरून परत येताना पुन्हा मांडले, तुला वगळून. ते फार वाईट असतं, ताई. बांधलं की मांडावे लागत नाहीत.”

“आणि माझे उद्या? ते कुणी मांडायचे?”

धोंडूने चादरीला दोन चिमटे लावले आणि बादली घेऊन खाली गेला. सुनीती गच्चीच्या कठड्याला टेकून तोंडात पदर कोंबून रडली. निशिकांतवरचा राग सोपा होता, तो कुणाला सांगता आला असता. हा कुणाला सांगणार? ज्याने विश्वासघात केला त्याचा विश्वासघात आपणच आधी केला होता, आणि तरी आपल्यालाच फसवल्यासारखं वाटतंय, हे कुणाला पटलं असतं?

शुक्रवारी सकाळी गाडी पुलाशी येऊन थांबली. गल्लीत ती वळत नसे. सुनीती जाणार नव्हती, पण धोंडूने मावशीचे पत्ते घरीच ठेवलेले तिला दिसले, आणि ते पिशवीत घालून ती त्याच्या मागोमाग निघालीच.

पुलावर वारा नव्हता. खोकी चढली. निशिकांत दोघांकडे आळीपाळीने बघत होता. तो तयारीत होता, हे मात्र खरं. त्याने दिलेला शब्द या खेपेला तो पाळणार असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“धोंडू,” सुनीती म्हणाली, “घाटावर जे बोलायचं राहिलं, ते आत्ता बोल. मी ऐकते. वाटेल ते कबूल करते मी.”

धोंडूने पुलाखालच्या घाटाकडे पाहिलं. पिंपळ तसाच होता. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ.

“ऊन वाढलंय,” तो म्हणाला. “आपण आता आपल्या घरी जावं.”

निशिकांतचा हात गाडीच्या दारावरच राहिला. “ताई!” तो म्हणाला. त्याचा चेहरा खाडकन उतरला. “म्हणाला. आपण म्हणाला तो.”

सुनीतीला पुढचं धड दिसेना. तिने पिशवी छातीशी धरली, मान हलवली आणि घराच्या दिशेने चालायला लागली. गेल्यावर आधी चहा, मग उरलेली गवार, मग दुपारी पत्ते, असं काहीबाही तिच्या डोक्यात सुरू झालं. धोंडूचे पाय जमिनीवर टेकताना बारीकसा घुमल्यासारखा आवाज येई. तो आवाज मागून येत नव्हता.

तिने वळून पाहिलं. धोंडू होता तिथेच उभा होता. हात पाठीमागे, कमरेत किंचित वाकलेला. शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या प्रमुख पाहुण्यांना निरोप देताना तिचे विद्यार्थी वाकून उभे राहत, तसा.

जाऊ नव्हे. जावं.

निशिकांतला व्याकरण कधीच आलं नाही. दहावीला त्याचे त्यातलेच मार्क गेले होते. तो गाडीच्या दाराशी उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होता. ‘चल धोंडू’ एवढं ती म्हणाली असती तरी पुरे होतं. कायदा तिच्या बाजूने, निशिकांतचा शब्द तिच्या बाजूने. धोंडू मुकाट्याने परत आला असता, गौरीचा मांडव घातला असता, रोज दार लावलं असतं, आणि घरात तो शब्द कधीही उच्चारला नसता. शिवाय पुलावर उभ्या असलेल्या तिघांपैकी खरं काय ते सांगू शकणारा धोंडू काही बोलत नव्हता. तो तिच्यावरच सोडून उभा होता.

“काय करू, ताई?” निशिकांतने विचारलं. “गाडी परत पाठवू?”

सुनीती परत आली. पत्त्यांची पिशवी तिने धोंडूच्या हातात दिली आणि त्याची बोटं तिच्याभोवती मिटवली.

“आदरार्थी आहे तो, निशी,” ती म्हणाली. “जा तुम्ही.”